आरा मुंबईतच राहिले



ही व्याख्यानमाला एका चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ भरते. वर्षानुवर्षं पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवायचं, परीक्षेच्या दिवशी ड्रॉइंग बोर्डांसकट त्यांना परगावच्या केंद्रावर न्यायचं, कुणाकडे पोस्टर कलर नसले तर स्वतःच्या कपाटातल्या बाटल्या द्यायच्या आणि आपली निसर्गचित्रं दिवाळीच्या सुट्टीवर ढकलायची, असा हा पेशा. अशा माणसांमुळे किती चित्रकार घडले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. म्हणून आज मी असा चित्रकार निवडला आहे, ज्याचं नाव इतिहासात आहे, पण ज्याच्या निम्म्या कामाचा हिशेब तिथेही नीट मांडलेला नाही. कृष्णाजी आरा. पुस्तकांत आणि लिलावांच्या याद्यांत ते के. एच. आरा म्हणून भेटतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. प्रतिभावंत कुठेही जन्माला येतात. चित्रकार म्हणून ते तगतात ते मात्र अशा गावात, जिथे त्यांच्यासाठी खटपट करणारी चार माणसं असतात. १९४० ते १९६० या काळातल्या मुंबईत ती होती. त्यांनी आरांना उभं केलं, आणि पुढे आरा स्वतःच त्या चार माणसांपैकी एक झाले.

आरांचा जन्म १९१४ सालचा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. वडील मोटारचालक. आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि सात वर्षांचा कृष्णा घर सोडून मुंबईला पळून आला. पुढची वर्षं मोटारी धुण्यात आणि एका साहेबाच्या घरी पडेल ते काम करण्यात गेली. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला म्हणून पाच महिने तुरुंगवासही झाला. सुटल्यावर एका जपानी कंपनीत पुन्हा मोटारी धुण्याचंच काम मिळालं. पर्ल हार्बरनंतर जपानी मंडळी निघून गेली, नोकरी गेली, राहायची छोटी खोली तेवढी उरली. या सगळ्या काळात हा माणूस चित्रं काढत होता. जे. जे. स्कूलची पदविका नाही, घरात कलेची परंपरा नाही, इंग्रजी बेताचं. आज आपण ज्याला ‘पार्श्वभूमी’ म्हणतो, ती शून्य.

आता याच मुंबईत त्या वेळी काही निर्वासित येऊन राहिले होते. हिटलरच्या राजवटीपासून सुटून आलेले रुडी फॉन लेडन, व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर आणि तिथलेच इमॅन्युएल श्लेसिंजर. लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला संचालक झाले. लेडन त्याच वर्तमानपत्रात चित्रप्रदर्शनांवर लिहू लागले आणि ‘डेनली’ या नावाने व्यंगचित्रंही काढू लागले. श्लेसिंजर औषधांच्या धंद्यात स्थिरावले आणि चित्रं विकत घेऊ लागले. एक चित्रकार-शिक्षक, एक लिहिणारा, एक घेणारा. लँगहॅमर यांचं घर रविवारी तरुण चित्रकारांना खुलं असे. तिथे युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती बघायच्या, रंग कसा लावला आहे यावर वाद घालायचे, आपलं नवं काम भिंतीला टेकवून ठेवायचं आणि बोलणी खायची. ज्यांनी व्हिएन्ना गमावली होती त्यांनी मुंबईतल्या एका दिवाणखान्यात तिचा एक तुकडा पुन्हा मांडला आणि त्याचा फायदा आपल्या पोरांना झाला.

आरा लेडन यांच्या नजरेस पडले ते या वातावरणात. मग चक्रं फिरली. चाळीसच्या दशकात काळा घोड्याजवळच्या चेतना रेस्टॉरंटमध्ये आरांचं एकल प्रदर्शन भरलं. रेस्टॉरंट हे ध्यानात घ्या. खास चित्रांसाठी बांधलेलं जहांगीर कलादालन १९५२ मध्ये उघडलं. त्याआधी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात शिरकाव मिळाला तर ठीक, नाहीतर जिथे मोकळी भिंत दिसेल तिथे. १९४४ मध्ये त्याच सोसायटीच्या प्रदर्शनात मराठ्यांच्या लढाईवरच्या त्यांच्या चित्राला गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. मोटारी धुणारा चित्रकार म्हणून वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. पण बातमी दोन दिवसांत शिळी होते. आरा टिकले ते त्यांना रविवारी जायला घर होतं, चित्र दाखवायला नजरा होत्या आणि अधूनमधून एखादं चित्र विकत घेणारे हात होते म्हणून.

या यादीत एक नाव हमखास विसरलं जातं, ते फ्रेमवाल्याचं. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये केमोल्ड हा चौकटींचा व्यवसाय सुरू केला. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानात नुसत्या रिकाम्या चौकटी टांगण्याऐवजी त्यांनी त्यांत तरुण चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली. आरा, हुसेन, रझा, हेब्बर. गिऱ्हाईक यायचं लग्नाचा फोटो मढवायला आणि त्याच्या नजरेला पडायचं असं चित्र, जे त्याने जन्मात पाहिलेलं नसायचं. पुढे १९६३ मध्ये याच केमोल्डचं कलादालन जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर सुरू झालं. आपल्याकडच्या आधुनिक चित्रकलेचा एक महत्त्वाचा दरवाजा फ्रेमच्या दुकानातून उघडला, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

मग १९४७ साल. त्या वर्षी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. तात्कालिक निमित्त म्हणून जे सांगितलं जातं त्यात आराच आहेत. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं त्यांनी केलेलं भलंमोठं चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीने नाकारलं आणि मित्र खवळले. मित्र म्हणजे गोव्यातल्या सालिगावचे, जे. जे.मधून काढून टाकलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा, आणि मध्य प्रांतातून नागपूरमार्गे आलेले सय्यद हैदर रझा. या तिघांनी आणखी एकेक जण निवडला असं या मंडळींच्या आठवणींत येतं. सूझांनी पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाचे बॅनर रंगवून आणि फर्निचरच्या दुकानासाठी खेळणी घडवून पोट भरणारे हुसेन आणले. रझांनी शिल्पकार सदानंद बाकरे. आरांनी हरी अंबादास गाडे. गाडे विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर आणि गणिताचे अध्यापक.

सहा माणसं. जात, भाषा, शिक्षण यांत फारसं साम्य नाही. शैलीही जुळत नव्हती. सूझांची धारदार रेषा आणि आरांची फुलदाणी एका भिंतीवर लावली तर त्यांना एका घराण्याची म्हणणं अवघड. मग त्यांना बांधणारं काय होतं? पहिलं म्हणजे नकार. जे. जे.ची शिस्त, सोसायटीचं परीक्षक मंडळ, राजामहाराजांच्या दिवाणखान्यात शोभतील अशी चित्रं, या सगळ्यांना नकार. दुसरं म्हणजे साधी गरज. एकट्याने हॉल भाड्याने घेणं परवडत नव्हतं. कॅटलॉग छापणं, निमंत्रणं वाटणं, पाहुणा बोलावणं हे एकट्याचं काम नव्हतं. जुलै १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात, लेखक मुल्कराज आनंद यांच्या हस्ते त्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. नाकारणाऱ्या संस्थेच्या भिंतीच भाड्याने घ्याव्या लागल्या, कारण शहरात दुसऱ्या फारशा नव्हत्या. कॅटलॉगमध्ये सूझांनी प्रांजळपणे लिहून टाकलं की लोकांपर्यंत पोचण्याचा सुरुवातीचा इरादा आम्ही सोडला आहे, चित्रकार आणि जनता यांच्यातली दरी रुंदावतेच आहे. पंचविशीतल्या तरुणाला इतकं खरं बोलता येतं, कारण पाठीशी पाच जण उभे असतात.

आणि मग पाठीशी उभे असलेले पांगले. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले. रझा १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला. बाकरे १९५१ मध्ये लंडनला. नवी माणसं आली होती, कृष्ण खन्ना, गायतोंडे, मोहन सामंत. १९५३ च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांचीही चित्रं होती, ग्रुपबरोबर प्रदर्शन करणाऱ्या त्या एकमेव स्त्री. पुढे भानू अथय्या या नावाने ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांनी ऑस्कर मिळवलं. तरीही १९५६ पर्यंत ग्रुप संपला.

कलेचा इतिहास लिहिणारे इथून पुढे विमानात बसतात. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. त्यात चूक काही नाही. हुसेन यांचं १९५४ मधलं ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात शंभर कोटींच्या वर गेलं. ते चित्र काढणारा माणूस कधीकाळी फूटपाथवर बॅनर रंगवत होता, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण आपल्याला आज विमानात बसायचं नाही. आरा मुंबईतच राहिले. तिथे काय झालं ते पाहू.

पहिली गोष्ट, ते चित्रं काढत राहिले. १९५२ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘टू जग्ज’ या चित्रासाठी त्यांना सुवर्णपदक दिलं. ज्या संस्थेने नाकारलं तिनेच दिलं, आणि आरांनी ते घेतलं. विषय पाहा, दोन जग. आरांचं एखादं स्थिरचित्र जवळून बघायची संधी मिळाली तर सोडू नका. आधी लक्षात येतो तो रंगाचा जाडपणा. जलरंग आणि गुआश ते तैलरंगासारखे दाटून लावतात. कागद झाकून टाकतात, मग मध्येच एखाद्या पाकळीच्या कडेला तो उघडा सोडतात. फुलदाणी थोडी कललेली असते, टेबलाची कड तिला सावरायला येते. मागची भिंत रिकामी ठेवायची नाही, तिलाही रंगाचं वजन द्यायचं. जाणकार सेझानची आठवण काढतात आणि ती रास्त आहे. पण सेझानच्या सफरचंदांना घरची मालमत्ता होती. आरांच्या फुलांना एक छोटी खोली होती आणि त्या खोलीत जे मावेल ते मांडलं जाई. पुढे साठच्या दशकात त्यांनी स्त्रीदेहाची चित्रं मालिकेने केली, त्यांतली काळ्या रंगातली विशेष गाजली. तिथेही त्यांची नजर वस्तुचित्र काढणाऱ्याचीच आहे. वजन कुठे टेकलं आहे, कड कुठे वळते, याच गोष्टी ते शोधतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रॅम्पार्ट रोवर, आजच्या के. दुभाष मार्गावर, आर्टिस्ट्स सेंटर उभं राहिलं. गरजू चित्रकारांना मदत करायची म्हणून निघालेल्या उपक्रमातून ते वाढलं आणि आरा त्याच्या संस्थापकांपैकी. चिटणीस म्हणूनही त्यांनी तिथे काम केलं. जहांगीरची तारीख मिळायला वर्षं लागायची आणि खासगी दालनवाले नवख्याला उभं करायचे नाहीत, तेव्हा परवडणाऱ्या भाड्यात भिंती देणारी ही जागा होती. कितीतरी चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन इथे भरलं, आणि त्यांतल्या काहींसाठी आरांनी पदरमोडही केली.

चिटणीसपद म्हणजे काय असतं, हे ज्यांनी गावात एखादं प्रदर्शन भरवलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री आधीची चित्रं उतरतात, भिंतीतले खिळे उपसावे लागतात, पोपडे निघालेल्या जागी चुना लावायचा असतो. सकाळी टेम्पो येतो. चित्रकाराने दोऱ्या बांधलेल्या नसतात. एक चित्र दोन बोटं वर आणि शेजारचं दोन बोटं खाली लागलं तर सगळी भिंत कलते. मोठं चित्र दारासमोर लावावं, असं चित्रकाराला वाटतं. अनुभवी माणूस सांगतो, नको, उजेड तिरपा येतो, काचेत दार दिसेल. मग किमतींची यादी टाइप करायची. नवखा चित्रकार किंमत एक तर फार लावतो किंवा लाजून फार कमी लावतो. संध्याकाळी पाहुणे येतात, अभिप्रायवही फिरते, आठवड्यात एखाद्याच चित्राखाली लाल टिकली लागते आणि उरलेली चित्रं पुन्हा त्याच टेम्पोत चढतात. या सगळ्यात एक जाणता माणूस शेजारी उभा असणं म्हणजे काय, ते त्या नवख्यालाच विचारा. त्याला ‘सुंदर आहे’ एवढं म्हणून भागत नाही. तिसऱ्या चित्रातला हिरवा मेला आहे, हे सांगणारा कुणी तरी लागतो.

मित्रमंडळाचे गोडवे गाताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लेडन आरांचे समीक्षकही होते आणि स्नेहीही. समीक्षक आणि स्नेही एकच असला की कौतुकाची किंमत घसरते, आणि जो त्या रविवारच्या घरात जात नाही त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. त्या काळच्या मुंबईत उत्तम काम करणारे पण या वर्तुळाबाहेर राहिलेले चित्रकार होते. जे. जे.मध्ये पिढ्या घडवणारे शंकर पळशीकर यांच्यासारख्यांचं मोल पुष्कळ काळ ग्रुपच्या झगमगाटात झाकोळून गेलं. त्या वर्तुळात बायका जवळजवळ नव्हत्या, आणि ज्या एक होत्या त्या सिनेमाकडे वळल्या. पोट भरण्याचा प्रश्न तर होताच, पण अड्ड्यावर रात्री उशिरापर्यंत बसायची मोकळीक कुणाला होती, हाही प्रश्न आहे. शिवाय ग्रुप म्हणून केलेल्या कामाचं श्रेय सारखं वाटलं जात नाही. रझा, हुसेन, सूझा बाजारात जिथे पोचले तिथे आरा, गाडे पोचले नाहीत. बाकरे तर १९७५ मध्ये परत आले आणि दापोलीजवळ मुरुड-हर्णैला समुद्रकाठी राहिले. २००७ मध्ये तिथेच वारले. शेजारच्या गावात आधुनिक भारतीय शिल्पकलेतला एक आद्य माणूस राहतो, हे कोकणातल्या किती जणांना ठाऊक होतं?

म्हणून मी मैत्रीला पवित्र वगैरे म्हणत नाही. मैत्री हे कलेच्या कामाचं साधन आहे, आणि साधन म्हणून ती कुठे चालते, कुठे कमी पडते ते तपासावं. ती चालते याचे पुरावे भरपूर आहेत. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट घ्या. पन्नास-साठच्या दशकांत तिथे चित्रकारांना नाममात्र भाड्यात कामाची जागा मिळे. हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता तिथे रंगवत. तिथेच अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, रविशंकरांची संगीतशाळा भरे. १९५९ मध्ये सिनेमाच्या धंद्यातले बाळ छाबडा यांनी तिथेच गॅलरी ५९ उघडली. गायतोंडे हे तर अबोल, कुणात फारसं न मिसळणारे. गिरगावातल्या चाळीतून आलेल्या त्या माणसाला भोवती गजबज असलेल्या इमारतीत आपलं दार लावून बसता आलं. एकांतसुद्धा कुणीतरी उपलब्ध करून द्यावा लागतो, तो फुकट मिळत नाही.

दुसरा पुरावा कृष्ण खन्नांचा. ते ग्रिंडलेज बँकेत अधिकारी. पगार उत्तम. १९६१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी बँकेबाहेर हुसेन, गायतोंडे, बाळ छाबडा अशी मंडळी त्यांची वाट बघत उभी होती, त्यांना मिरवत न्यायला. पगार सोडून चित्रकार होणाऱ्या माणसाला घरचे, शेजारचे, सोयरे काय म्हणतात हे आपल्याला माहीत आहे. अशा दिवशी ‘शाबास’ म्हणणारे तिघे दारात उभे राहिले, तर पुढची दहा वर्षं रेटता येतात.

आरा ३० जून १९८५ रोजी मुंबईत गेले. ज्या शहरात सात वर्षांचं एक पोर एकटं उतरलं होतं, तिथे कितीतरी चित्रकार त्यांना आपल्या पहिल्या प्रदर्शनामुळे ओळखत होते. मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की मिळालेली मदत त्यांनी ज्याची त्याला फेडली नाही, पुढे दिली. लेडन यांना किंवा श्लेसिंजर यांना आरांकडून काय हवं होतं? काही नाही. पण त्यांनी दिलेली भिंत, शब्द आणि पैसे आरांनी आर्टिस्ट्स सेंटरच्या रूपाने पुढच्या पोरांसाठी चालू ठेवले. त्यासाठी माणूस गावात राहावा लागतो. चावी त्याच्या खिशात असावी लागते.

आता आपल्या गावाकडे येतो. गाव लहान असलं म्हणून चित्रकार तयार होत नाही, असं नाही. गाड्यांचं तळेगाव दशासर काय मोठं होतं? आपल्याकडे काय कमी आहे ते मी वर सांगितलेल्या माणसांच्या कामावरून मोजू. एक, भिंत. या सभागृहाला आहे, नगरवाचनालयाला आहे, दोन्हीवर आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे फोटो आहेत. दोन, फ्रेमवाला. बाजारपेठेत तीन आहेत, तिघांच्या काचेत देवांचे छापील फोटो आहेत. एका कोपऱ्यात इथल्या पोराचं जलरंगातलं चित्र लावायला त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तीन, लिहिणारा. स्थानिक दैनिकांत उद्घाटनाच्या रिबिनीचा फोटो येतो, चित्रांबद्दल चार ओळी येत नाहीत. त्या लिहिणारे मराठीचे चार प्राध्यापक आज या सभेत बसले आहेत. चार, घेणारा. वास्तुशांतीला, सेवानिवृत्तीला, दवाखान्याच्या उद्घाटनाला आपण जे घड्याळ आणि शोपीस देतो, त्याच पैशात इथल्या चित्रकाराचं एक निसर्गचित्र येतं. आणि पाच, चावी सांभाळणारा. तो या व्याख्यानमालेच्या संयोजकांमध्ये आहे, हे मला ठाऊक आहे. सरांच्या विद्यार्थ्यांनी इतकी वर्षं ही माला स्वतःच्या खिशातून चालवली, म्हणजे सवय लागलेली आहेच.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला मानधन देऊ नका. त्या पैशात तालुक्यातल्या एखाद्या विशीतल्या चित्रकाराला याच भिंतीवर आठवडाभर प्रदर्शन करू द्या, खिळे ठोकायला दोघे पाठवा, आणि पहिल्या संध्याकाळी तुमच्यापैकी कुणीतरी एक चित्र विकत घ्या. पाहुण्या वक्त्याने तेव्हा कमी बोललं तरी चालेल.